गेटवरची विचारपूस

पुष्पांजलीबद्दल मार्तंडरावांना नेमकं काय ठाऊक होतं, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती. पावणेतीन वर्षं ती त्यांच्या चिखलीतल्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. पण तिला कोणती भाजी आवडत नाही, तिचे वडील कधी गेले, हसताना ती तोंडापुढे हात का धरते, यातलं काहीच त्यांना सांगता आलं नसतं. जे थोडं ठाऊक होतं तेही तिनं आपणहून सांगितलेलं. मार्तंडराव विचारणाऱ्यांतले नव्हतेच.

आयुष्यभर त्यांनी लोकांना एकच प्रश्न विचारला, तोही नोकरी होती म्हणून. जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या गेटवर ते कारकून होते. ट्रॅक्टर आला, टेम्पो आला की खिडकीतून मान बाहेर काढायची आणि म्हणायचं, "कोणाकडे?" गाडीवाला अडत्याचं नाव सांगायचा. ते नाव मागच्या फळ्यावरच्या परवानेवाल्यांच्या यादीत असलं की पावती फाडायची. नसलं की गाडी परत. निवृत्त झाल्यावर तोही प्रश्न सुटला. घरात जे काही बोलायचं ते शकुंतलाबाई बोलत.

पुष्पांजली आली तेव्हाही त्याच बोलल्या होत्या. चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून ती आली, मांडीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात पोळ्यांचा तवा.

"मी देऊळघाटची," ती म्हणाली. "कॉलेज इथंच झालं माझं. आता पुण्याच्या कंपनीचं काम करते. घरूनच."

"घरून म्हणजे आमच्या घरून?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"हाव काकू. तुमी देलं त."

तिनं तोंडापुढे हात धरला. खोली ठरली.

देऊळघाटात तिची आई होती, मनकर्णाबाई. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून त्या बाईनं पोरीला इंजिनीयर केलं होतं. मग एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, जीभ सावरली नाही. चुलतभाऊ राम आणि त्याची बायको वैष्णवी घरात होते, खाणंपिणं वेळेवर होत होतं. पण मनकर्णाबाई काय बोलतात ते एकट्या पुष्पांजलीला कळायचं. त्यांच्या गल्लीत नेट धरत नव्हतं म्हणून ती चिखलीत राहायची, आणि बुधवारी अर्धी सुट्टी काढून, शनिवारी-रविवारी पूर्ण, बुलढाण्याला उतरून जीपनं घरी जायची. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती म्हणूनच हे जमत होतं.

एकदा शकुंतलाबाईंनी लोणच्याची बरणी देऊन मार्तंडरावांना तिच्याबरोबर धाडलं. मनकर्णाबाई खाटेवर बसल्या होत्या. मार्तंडराव दारात उभे राहिले तशा त्या काहीतरी बोलल्या. घशातून निघालेला एक लांब, ओला आवाज. मार्तंडरावांना त्यातलं एक अक्षरही लागलं नाही.

"आई म्हणते, काकाचे पाय दुखून राह्यले असतीन, त्याह्यले खुर्ची द्या," पुष्पांजली म्हणाली.

पाय खरंच दुखत होते. परत येताना जीपमध्ये मार्तंडरावांनी धीर करून विचारलं, "तुले कसं समजते?"

"मले नाई माहीत काका. तोंडाकडे पाह्यलं की समजते. फोनवर मलेबी नाई समजत."

दुपारी चारचा चहा वर नेऊन देणं हे मार्तंडरावांचं काम. कप टेबलावर ठेवायचा, रिकामा कालचा कप उचलायचा आणि खाली यायचं. असं अडीच वर्षं चाललं. दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत एके दिवशी ते वर गेले तर ती लॅपटॉपच्या पडद्याला शिव्या देत होती. कप ठेवून ते वळले, पण पाय निघेना.

"काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि आपण विचारलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

"हे पाहा काका. हा माझा सर्व्हर. दुकानच समजा, पण अजून उघडलं नाई, मांडामांड चालू हाये. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची वेबसाईट हाये, घरबसल्या नंबर लावायची. ते सध्या या लॅपटॉपच्या बाहेर कोणाले दिसत नाई."

"मग भांडतेस कोणाशी?"

"दवाखान्याच्या मॅडमशी. त्यांले रोज मोबाईलवर पाहाचं असते, आज कितीक झालं. म्हून मी बाहेरून इथपर्यंत एक कच्चा रस्ता काढून देते. त्या रस्त्याले आपोआप एक नाव भेटते. लाईन गेली, नेट तुटलं, की रस्ता मोडते. पुन्हा काढला की नाव नवं. मागच्या आठवड्यात सर्व्हरची नवी आवृत्ती टाकली, तवापासून हा विचारते, कोणाच्या नावानं आला? नाव यादीत नसलं की हाकलून देते."

मार्तंडराव चष्मा पुसत पुढे झाले. "यादी कुठं असते?"

तिनं दाखवली. एका ओळीत चार-पाच नावं, वेडीवाकडी, कसलाही अर्थ नसलेली. प्रत्येक वेळी लाईन गेली की नवं नाव तिथं लिहायचं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत नऊ वेळा लाईन गेली होती.

"बरोबरच करून राह्यला तो," मार्तंडराव म्हणाले. "मी तीस वर्षं हेच केलं."

आणि मग जन्मात कधी बोलले नव्हते एवढं ते बोलले. आपल्या कामाची गोष्ट कोणी कधी विचारली नव्हती. आज एक शिकलेली पोर त्याच कामावर चिडून बसलेली पाहून त्यांना कुठेतरी बरं वाटलं असावं. त्यांनी फळ्याची गोष्ट सांगितली, गाडीवाल्यांच्या थापा सांगितल्या. सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत जायची. हवालदार येऊन दम द्यायचा. एका वर्षी सचिवच धावत आले, म्हणाले, "मार्तंड, विचारत काय बसला! येऊ दे सगळ्याले, आत गेल्यावर पाहू." आणि पंधरा दिवस गेट सताड उघडं.

"कोणालेच विचारलं नाई?"

"कोणालेच नाही."

"मग काही बिघडलं नाई?"

मार्तंडरावांनी कालचा रिकामा कप उचलला. "काय बिघडते? रांग हटली."

ती हसली. "मग आमचाबी हंगामच समजा." तिनं ती नावं खोडली आणि त्या जागी एकच शब्द लिहिला. येईल त्याला येऊ द्यावं, असा त्याचा अर्थ होता. "काम झालं की लावते परत," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

पण त्या वर्षी बिघडलं होतं. उघड्या गेटातून एक माणूस आत आला होता, ज्याचं नाव कोणत्याच फळ्यावर नव्हतं. शेडच्या टोकाला त्यानं काटा लावला, कापडी फलक टांगला, आणि दोन दिवस लोकांचा माल घेतला. तिसऱ्या दिवशी तिथं नुसता फलक राहिला. मेहकरकडच्या एका म्हाताऱ्याची अख्खी ट्रॉली गेली. चौकशीत एकच प्रश्न झाला, गेटवर कोण होतं? सचिवांचा तोंडी हुकूम कोणाच्याच लक्षात नव्हता. मार्तंडरावांनी लेखी माफी मागितली. हे त्यांनी शकुंतलाबाईंनाही धड सांगितलं नव्हतं. मग पुष्पांजलीला कसं सांगणार? जीभच उचलली नाही.

रात्री जेवताना त्यांना वाटलं, उद्या सांगू. उद्या ती फोनवर होती. परवा बुधवार, ती देऊळघाटला. त्यानंतर त्यांनी स्वतःची समजूत घातली, की बाजारातल्या गेटचा आणि संगणकातल्या गेटचा संबंध काय? आपण पडलो म्हातारे, उगाच हसं व्हायचं. सांगायचं राहूनच गेलं.

मार्चच्या अखेरीस एके दिवशी ते चहा घेऊन जिना चढत होते, तर वरून पुरुषाचा आवाज आला. लॅपटॉपमधून येत होता. दार उघडंच होतं. हा तिचा साहेब ऋत्विक, हे त्यांना बोलण्यावरून कळलं.

"होस्टच्या नावाची तपासणी कोणी बंद केली?"

"मी, सर."

"कधी?"

"जानेवारीत."

"का पण?"

"नाव सारखं बदलत होतं सर. इकडे लाईट जाते..."

"लाईट जाते म्हणून दार उघडं टाकायचं?" मागे कोणीतरी हसलं. "पुष्पांजली, ती तपासणी शोभेला ठेवलेली नसते. तुला असं करायला कोणी सांगितलं होतं का? क्लायंटनं? कोणा सीनियरनं? असेल तर आत्ता सांग, मला वर उत्तर द्यायचंय."

मार्तंडराव सातव्या पायरीवर उभे होते.

"नाही सर," ती म्हणाली. "माझं मीच केलं."

चहावर साय धरली होती. ते तसेच वळले आणि कप घेऊन खाली आले. शकुंतलाबाईंनी विचारलं, "काऊन, नको म्हणाली?" त्यांनी चहा मोरीत ओतला.

संध्याकाळी पुष्पांजली खाली आली, ओट्यावर बसली आणि काय झालं ते सांगितलं. सरळ सांगितलं, रडली वगैरे नाही. तिच्या सर्व्हरमधलं सगळं काम कोणीतरी वाचून नेलं होतं. त्या कामात दवाखान्याच्या नंबर लावायच्या यंत्रणेची एक चावी, म्हणजे गुप्त शब्द, तिनं चाचणीपुरती लिहून ठेवली होती. ती चावी तिसऱ्याच कोणीतरी लावून पाहिली आणि दवाखान्याला पत्ता लागला. रोग्यांची माहिती गेली नव्हती, निदान तसं म्हणत तरी होते.

"पण घरात बसलेल्या लॅपटॉपमधून चोरानं नेलं कसं बाई?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "आमी त दिवसभर खालीच होतो."

"तो इथं नाई आला काकू. मी कामासोबत पन्नास पानं उघडी ठेवते. फुकट चित्रं देणारं, अजून कसलं. त्यातलं एखादं लबाड असते. त्याले माह्या सर्व्हरशी बोलता येत नाई, ब्राउझर अडवते. मग ते पान ब्राउझरले म्हणते, 'माह्या नावाचा पत्ता आता बदलला.' अन् पत्ता देते माह्याच लॅपटॉपचा. ब्राउझरले वाटते, हे त्याचंच घर, जाऊ द्या. पत्ता बरोबर, आलेली गाडी माह्याच घरची. परकं असते ते फक्त नाव. म्हून तर सर्व्हर नाव विचारते. तेवढं एकच विचारलं असतं... विचारणारा मीच उठवून देला होता."

मार्तंडरावांना ते सगळं समजलं. संगणकातलं इतकं काही त्यांना त्याआधी कधी समजलं नव्हतं.

कंपनीनं तिला काढलं नाही. एप्रिलच्या पंधरा तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन, कंपनीच्या मशीनवर, सगळ्यांच्या नजरेसमोर काम करायचं. जमत नसेल तर राजीनामा द्यायचा, एवढंच कळवलं. घरून काम बंद.

"मंग बुधवार?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

पुष्पांजली उठली आणि जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी मार्तंडराव चहा न घेता वर गेले. दारात उभं राहून त्यांनी राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली. काटा, फलक, मेहकरकडचा म्हातारा, माफीचा कागद. सांगताना त्यांचा हात दाराच्या कडीशी चाळा करत होता.

"मी तुले खोटं सांगतलं पोरी," ते म्हणाले.

"तुमच्यामुळं नाई झालं काका. आमाले हे शिकवलं होतं ट्रेनिंगमधे. मले माहीत होतं."

"मग मले काऊन विचारलं, काही बिघडलं का म्हणून?"

"काही बिघडत नाई, असं कोणीतरी म्हणावं वाटत होतं," ती म्हणाली.

ते खाली आले. मग त्यांनी फुलस्केप कागद घेतला आणि आयुष्यात दुसऱ्यांदा मोठं पत्र लिहायला बसले. 'माननीय ऋत्विक साहेब यांस' इथवर बरं जमलं. पुढे 'सदर चुकीस मी जबाबदार असून' असं लिहिलं, मग ते खोटं वाटलं म्हणून खोडलं. तीन कागद गेले. चौथा शकुंतलाबाईंनी ओढून वाचला.

"यात सोयाबीन कुठून आलं?" त्या म्हणाल्या. "त्या पुण्याच्या पोराले काय समजन याच्यातलं? तो म्हणन, घरमालकबी भाडेकरणीसारखाच." मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्या नरमल्या. "द्या बाप्पा. तुमच्या जिवाले बरं वाटन."

पुष्पांजलीनं ते पत्र पूर्ण वाचलं, दोनदा घडी घातली, लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलं. "पाठवते," ती म्हणाली. ती पाठवणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

शकुंतलाबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सुचवलं, आईला इथं आणून ठेव, मी पाहीन. "तिचं बोलणं?" पुष्पांजलीनं विचारलं. "शिकीन की," शकुंतलाबाई म्हणाल्या, "यांचं न बोलणं शिकली, त्याच्याहून काय अवघड असन?" त्यावर मात्र पुष्पांजली हसली. रविवारी देऊळघाटला जाऊन तिनं आईला दोन्ही विचारलं, चिखली आणि पुणं. सोमवारी परत आली आणि म्हणाली, "नाई म्हणते." का नाही म्हणते, ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दुसरी नोकरी शोधावी तर घरून काम करू देणारं कोणी भेटेना, आणि जुन्या जागी का सोडलं याचं उत्तर द्यावं लागत होतं. चौदा एप्रिलच्या आत खोली रिकामी झाली.

ती गेल्यावर दुसऱ्या बुधवारी मार्तंडराव कोणाला न सांगता एसटीत बसले. बुलढाण्याहून जीपनं देऊळघाटला गेले. का गेले ते त्यांना धड सांगता आलं नसतं. बुधवार होता म्हणून, असंच म्हणावं लागेल. मनकर्णाबाई खाटेवर होत्या. त्यांनी मार्तंडरावांना ओळखलं. मान हलवली, आणि काहीतरी बोलल्या.

मार्तंडरावांनी पुष्पांजलीसारखं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे पाहिले, ओठ पाहिले. काही लागलं नाही. मनकर्णाबाईंनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी हळू, तोडून तोडून, जणू परक्या मुलखातल्या माणसाशी बोलावं तसं. मार्तंडरावांनी पाण्याचा गडू पुढे केला. मनकर्णाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मार्तंडरावांनी खिडकी उघडली. मान पुन्हा तशीच हलली. पंख्याचं बटण दाबलं, उशी सरकवली, पायावरचं पांघरूण नीट केलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा तोच आवाज आला, आणि आता त्यात चीडही होती.

वैष्णवी चूल सोडून दारात आली. "तुमी कायले तरास घेता काका," ती म्हणाली. तिचा स्वर वाईट नव्हता, दमलेला होता. "आमाले तरी कुठं समजते? फोन लावून देतो ताईले, तिलेबी नाई समजत. थकली की गप बसते आपोआप."

आणि खरोखरच थोड्या वेळानं मनकर्णाबाई गप्प बसल्या. भिंतीकडे तोंड केलं. मार्तंडराव अर्धा तास तिथं बसून होते, मग उठून आले.

पुष्पांजलीचा फोन येतो तो शकुंतलाबाईंच्या मोबाईलवर. चार मुलींत एक खोली आहे, ऑफिसात जायला दीड तास लागतो, असं काही सांगते. एकदा शकुंतलाबाई बोलून गेल्या, "हे जाऊन आले देऊळघाटले." पलीकडून काय विचारलं गेलं ते मार्तंडरावांना बसल्या जागी ऐकू आलं, आई काय म्हणत होती? शकुंतलाबाईंनी फोन त्यांच्याकडे धरला. त्यांनी दोन्ही हातांनी नको नको केलं आणि उठून परसात गेले.

"बरी हाये म्हणते," मागे शकुंतलाबाई सांगत होत्या.

त्यामुळे मार्तंडराव आणि पुष्पांजली यांचं शेवटचं बोलणं झालं ते ती पुण्याला जायच्या दिवशी सकाळीच. राम बॅगा घेऊन पुढे गेला होता. शकुंतलाबाईंनी ओटी भरली, दशम्यांचा डबा दिला, आणि डोळ्याला पदर लावून त्या आत गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत. मार्तंडराव फाटकापाशी उभे होते. काहीतरी म्हणायला हवं, इतकं त्यांना कळत होतं. रात्रभर त्यांनी दोन-तीन वाक्यं जुळवूनही ठेवली होती. तिनं चपला घातल्या, खांद्यावरची बॅग सावरली, आणि एकदम आठवल्यासारखी मागे वळली.

"काका, काकूच्या कुरडया वर गच्चीवर हायेत. मी सकाळी उलटून ठेवल्या. दुपारून एकदा पाहून घेजा, चिमण्या येतात."

"हो," मार्तंडराव म्हणाले. "पाहतो."